पूर्ण नाव सांगा!
कथेतल्या माणसांच्या आडनावांविषयी थोडेसे

आमच्याकडे कौटुंबिक पानांसाठी ज्या कथा येतात त्या बहुतेक आपल्याच मुलामुलींच्या असतात. कोणी नायगावच्या बीडीडी चाळीत राहून लिहितो, कोणी परळला, कोणी नोकरीवरून घरी आल्यावर रात्री मुले झोपल्यावर लिहिते. कथांमध्ये जीव असतो, माणसे ओळखीची असतात. पण नायकाच्या आडनावाशी आलो की आम्ही थबकतो. नायक इंजिनिअर असला की तो हमखास सरदेसाई किंवा इनामदार असतो. त्याच्या कचेरीतला शिपाई मात्र कांबळे असतो. धुणीभांडी करणारी बाई गायकवाड असते. आणि लिहिणाऱ्याचे स्वतःचे नाव पाहावे तर तो कांबळे, गायकवाड, जाधव यांच्यापैकीच कोणीतरी असतो. म्हणजे लेखणी आपल्या हातात असूनही आपणच आपल्या आडनावाला दाराशी उभे केले आणि खुर्चीत दुसऱ्याला बसवले!

शिपायाचे काम हलके आहे असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आपल्या कित्येक घरांतली पहिली पदवी शिपायाच्या नाहीतर सफाई कामगाराच्या पगारावरच मिळालेली आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. हे आडनाव तुम्ही विचार करून दिलेत, की हात आपोआप तिकडे वळला? आपोआप वळला असेल तर त्या सवयीचा शोध घेतला पाहिजे. म्हणून आज कथेतल्या माणसांच्या आडनावांविषयी चार गोष्टी.

नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा?

आपल्या समाजात नाव ही कधीच साधी गोष्ट नव्हती. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावे कशी ठेवावीत याचा नियमच सांगितला आहे. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धनाशी जोडलेले आणि शूद्राचे नाव मात्र तिरस्कार वाटेल असे असावे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले त्यात हेही लिहिलेले होते. माणूस जन्मला की त्याची पायरी त्याच्या नावातच बांधून टाकायची, अशी ती व्यवस्था होती.

त्या व्यवस्थेचे अवशेष आपल्या आज्या-पणज्यांच्या नावांत सापडतात. दगडू, धोंडू, कचरू, उकिरडा ही नावे ठेवण्यामागे मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये अशी आईबापांची भाबडी आशा असे. गाव मात्र ती नावे घेताना हिणवूनच घेई. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये आपली कहाणी सांगणारा माणूस दगडू मारुती पवार आहे. लेखकाने कागदावरच्या दया पवारला बाजूला बसवले आणि गावाने हाक मारलेल्या दगडूला बोलू दिले. नावाचा उपयोग कसा करावा याचा हा मोठा धडा आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी' (१९८४) मध्ये तर बापाचे नाव काय लावायचे, हाच जगण्याचा प्रश्न होऊन बसतो.

त्याआधीच्या काळात आपल्या पूर्वजांच्या नावापुढे 'नाक' लागत असे. भीमा कोरेगावच्या विजयस्तंभावर १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत, त्यांत अशी 'नाक' लागलेली नावे आजही वाचता येतात. तेव्हा १८५० सालची गोष्ट लिहायला घेतलीत आणि महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला तुम्ही 'श्री. सुरेश कांबळे' म्हणालात, तर वाचक पहिल्याच ओळीत पुस्तक मिटेल.

लेखकाच्या हाती जो अधिकार आहे तो हाच, माणसाला बाहेरून नाव देण्याचा. एके काळी तो आपल्यावर चालवला गेला. आज आपण लेखणी धरली आहे. तो वापरताना दोन घटका विचार करायला काय हरकत आहे?

आडनावे आली कुठून?

मराठी आडनावांचे ढोबळ पाच-सहा प्रकार आहेत. लिहिणाऱ्याला ते ठाऊक असलेले बरे.

पहिला प्रकार गावावरून आलेल्या आडनावांचा. गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार. कोकण आणि गोव्यात ही पद्धत फार. भाऊ पाध्ये यांच्या 'बॅरिस्टर अनिरुद्ध धोपेश्वरकर' या कादंबरीचा नायक नावातच राजापूरजवळचे धोपेश्वर घेऊन मुंबईत वावरतो. विदर्भात पुष्कळदा 'कर' न लावता नुसती मात्रा देतात. रामटेकचे ते रामटेके, नागपूरचे ते नागपुरे. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या तेलंगणाला लागून असलेल्या पट्ट्यात 'वार' येतो, मुनगंटीवार, वडेट्टीवार असा. हा 'वार' तेलुगूतल्या आदरार्थी 'वारु' चा सोयरा. एका अक्षरावरून माणूस कुठल्या मातीतला ते कळते.

दुसरा प्रकार हुद्द्यांचा. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे, चौगुले, पोतदार, फडणीस, चिटणीस हे सगळे मुळात कामाचे हुद्दे. वतन गेले, काम गेले, पण हुद्दा दारावरच्या पाटीवर राहिला. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. तराळ आणि वेसकर हेही गावगाड्यातले हुद्देच होते. वेशीची राखण करणे, सरकारी सांगावा पोचवणे, सीमेच्या तंट्यात साक्ष देणे ही कामे आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केली. पण पाटीलकीचा मान झाला आणि तराळकीची हाक झाली! शंकरराव खरात यांनी आपल्या आत्मचरित्राला 'तराळ अंतराळ' (१९८१) हे नाव दिले. तराळाचा मुलगा मराठवाडा विद्यापीठाचा कुलगुरू आणि १९८४ च्या जळगाव साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला. ज्या शब्दाने गाव हाक मारत होते तोच शब्द त्याने पुस्तकाच्या पाठीवर मिरवला.

तिसरा प्रकार धंद्याचा. सोनार, सुतार, लोहार, तांबट, परीट. महात्मा फुल्यांच्या घराण्याचे आडनाव आधी गोऱ्हे होते. पुण्याला फुलांचा धंदा सुरू झाला आणि घर 'फुले' झाले. माणसाचा धंदा बदलला की आडनाव बदलू शकते, याचा हा आपल्या घरचा दाखला.

चौथा प्रकार कुळांचा. जाधव म्हणजे यादव, साळुंखे म्हणजे चालुक्य, पवार म्हणजे परमार असे सांगतात. मोरे या आडनावाचा संबंध कोणी मोर या पक्ष्याशी लावतात, तर कोणी थेट मौर्य कुळाशी. गायकवाडांची गाय आणि कवाडाची आख्यायिका प्रसिद्ध आहे. आख्यायिका ही आख्यायिका म्हणूनच सांगावी. पण कथेतला आजोबा ओट्यावर बसून नातवाला "आपण मोरे म्हणजे मौर्य, सम्राट अशोकाच्या कुळातले" असे सांगत असेल तर त्याला खुशाल सांगू द्या. व्युत्पत्ती खरी असो वा नसो, आजोबाचा ताठ झालेला कणा खरा आहे.

पाचवा प्रकार टोपणनावांतून आलेला. काळे, गोरे, बोबडे, टकले. सहावा प्राण्यांवरून आणि पराक्रमावरून आलेला. वाघ, कोल्हे, लांडगे, वाघमारे. कांबळे हे आडनाव सर्वसाधारणपणे कांबळीशी, म्हणजे घोंगडीशी जोडतात. मराठवाड्यात त्याचेच सोनकांबळे झालेले दिसते. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' (१९७९) वाचलेल्यांना हे आडनाव विसरता येणार नाही.

एवढे कळले की कथेतला माणूस नाशिक-खानदेशाकडून आला असेल तर तो अहिरे, बागूल, पगारे असू शकतो, विदर्भातून आला असेल तर मेश्राम, गजभिये, खोब्रागडे, रामटेके, आणि रत्नागिरीकडून आला असेल तर सकपाळ, तांबे, कदम, मोहिते, हे आपोआप सुचू लागते. सगळ्यांना एकाच कांबळीखाली झोपवण्याचे कारण उरत नाही.

गिरगावची चाळ आणि न सांगता कळणारी जात

आडनाव कथेत काय काम करते हे पाहायचे असेल तर पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' (१९५८) उघडा. गिरगावकडच्या पांढरपेशा चाळीचे ते विनोदी चित्र. त्यात त्रिलोकेकर आहेत, गुप्ते आहेत, रेगे आहेत, बर्वे आहेत. लेखक कोणाचीही जात सांगत बसत नाही. पण मराठी वाचकाला त्रिलोकेकर म्हणजे पाठारे प्रभू, गुप्ते म्हणजे कायस्थ, रेगे म्हणजे सारस्वत आणि बर्वे म्हणजे चित्पावन हे क्षणात कळते. निम्मा विनोद त्या कळण्यावर उभा आहे. त्याच लेखकाच्या 'व्यक्ती आणि वल्ली' त सखाराम गटणे आहे, नंदा प्रधान आहे, चितळे मास्तर आहेत आणि नामू परीट आहे. कपडे धुणाऱ्या नामूला धंद्याच्या नावापलीकडे आडनाव मिळत नाही. लेखकाला दोष देण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. तेव्हा हाकच तशी मारली जाई. आडनाव न सांगतासुद्धा किती सांगून जाते, एवढेच दाखवायचे आहे.

गिरगावच्याच कांदेवाडीत लहानपण गेलेल्या विजय तेंडुलकरांनी 'कन्यादान' (१९८३) नाटक लिहिले. समाजवादी नाथ देवळालीकरांची मुलगी ज्योती एका दलित कवीशी लग्न करते. या कवीचे चित्रण आपल्याला पटले नाही असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि तो वाद रास्तच आहे. पण आडनावाकडे पाहा. तो कवी आहे अरुण आठवले. आठवले हे आडनाव चित्पावनांत आहे आणि आपल्यातही आहे. गिरगावपासून जवळच माधवबागेत पाठशाळा चालवणारे पांडुरंगशास्त्री आठवले होते, आणि वडाळ्याच्या सिद्धार्थ विहार वसतिगृहातून चळवळीत पुढे आलेले रामदास आठवले आहेत. एकच आडनाव, दोन घरे!

एकच आडनाव, अनेक घरे

आणि हे एकट्या आठवल्यांचे नाही. जाधव, शिंदे, पवार, मोरे, गायकवाड ही आडनावे मराठ्यांत आहेत, आपल्यात आहेत, मातंग समाजात आहेत. काळे ब्राह्मणांत आहेत, मराठ्यांत आहेत, पारध्यांतही आहेत. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री' (२०१३) तला जब्या म्हणजे जांबुवंत कचरू माने. माने हे सरदार घराण्याचेही आडनाव आणि डुकरे धरायला लावलेल्या या घराचेही. 'सैराट' (२०१६) मध्ये प्रशांत काळे आणि अर्चना पाटील ही दोन नावे शेजारी ठेवली की पुढे काय होणार याची धास्ती मनात बसते.

आडनाव एवढे संदिग्ध असल्यामुळेच आपल्याकडे एक प्रश्नमालिका जन्माला आली. ती आपण प्रत्येकाने ऐकलेली आहे.

"नाव काय?"
"सुनील."
"पूर्ण नाव सांगा."
"सुनील जाधव."
"जाधव? कुठले जाधव?"
"खेडकडचे."
"खेडमध्ये कुठली वाडी?"

भाड्याची खोली पाहायला गेलेल्या, लग्नाची बोलणी करायला गेलेल्या, नव्या नोकरीत पहिल्या दिवशी डबा उघडलेल्या माणसाला हे प्रश्न कोण विचारतो, कोणत्या प्रश्नाशी थांबतो आणि त्यानंतर त्याचा आवाज कसा बदलतो, यात अख्खी कथा आहे. पात्राची जात वाचकाला निवेदनातून सांगण्यापेक्षा शेजारच्या बाईला हा तिसरा प्रश्न विचारू द्या. वाचक समजायचे ते समजेल.

बाबुराव बागूल यांनी १९६३ मध्येच ही कथा लिहून ठेवली आहे, 'जेव्हा मी जात चोरली होती'. परगावी रेल्वेत कामाला लागलेला तरुण डोक्यावर छप्पर मिळावे म्हणून जात लपवतो आणि त्याची किंमत मोजतो. आज साठ वर्षांनी सोसायटीच्या टॉवरमध्ये खोली पाहायला गेलेली एखादी संगणक अभियंता मुलगी आडनाव सांगताना क्षणभर घुटमळते का? घुटमळत असेल तर तो क्षण लिहा. तिला सरदेसाई करून टाकलेत तर तो क्षणच हातचा गेला.

लालबाग-परळचे मस्टर

आता गिरणगावात येऊ. गिरणीच्या मस्टरवर नाव चढले की माणूस मुंबईचा झाला. पण कुठल्या खात्यात चढले यालाही महत्त्व होते. विणकामाच्या, म्हणजे गिरणीच्या भाषेत साचाखात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यातले सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि आपल्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा इतरांना चालत नसे. पगार जास्त होता तो नेमका त्याच खात्यात. १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न रोखठोक मांडला. तेव्हा १९२५ सालच्या परळमधली कथा लिहिताना आपल्या नायकाला साचाखात्यात बिनघोर उभे करू नका. तिथे तो असेल तर कोणत्या नावाने आहे, कोणाला त्याचे गाव ठाऊक आहे, हे तुम्हाला सांगावेच लागेल.

याच गिरणगावात आडनावाची आणखी एक गोष्ट घडली. १९२६ च्या सुमारास गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराला रस्त्यावर टाकून दिलेले एक तान्हे मूल सापडले. त्याने ते उचलले, घरी आणले. त्याने आणि काशीबाईने ते वाढवले आणि शाळेत घालताना बापाच्या जागी स्वतःचे नाव लावले. तेच पुढे कवी नारायण गंगाराम सुर्वे. ते १९९५ च्या परभणी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०१० मध्ये गेले. ते मूल कोणत्या जातीचे, हे गंगारामने विचारले नाही. स्वतःच्या पोटाची भ्रांत असलेल्या कामगाराने आपल्याजवळ होते ते आडनाव देऊन टाकले. आडनाव रक्तातूनच यावे लागते असे मानणाऱ्यांनी लालबाग-परळची ही हकिकत विसरू नये.

जयंत पवार यांचे 'अधांतर' (१९९७) नाटक १९८२ च्या संपानंतर उद्ध्वस्त झालेल्या गिरणी कामगाराच्या घराचे आहे. त्या घराचे आडनाव धुरी. परब, राणे, सावंत, धुरी ही तळकोकणातली आडनावे लालबागच्या चाळींत दारोदार दिसत. धुरी म्हटले की गणपतीला गावी जाणारे, तारवटल्या डोळ्यांनी रात्रपाळीहून परतणारे घर डोळ्यांपुढे उभे राहते. लेखकाने वर्णनाची दोन पाने वाचवली ती या एका आडनावाने.

काळ बदलला की नाव बदलते

पात्राचे आडनाव ठरले तरी काम संपत नाही. मराठी माणसाच्या पूर्ण नावात तीन पिढ्यांचा इतिहास असतो. बाबासाहेबांचेच पाहा. घराण्याचे आडनाव सकपाळ. गाव मंडणगड तालुक्यातले आंबडवे, म्हणून रामजींनी मुलाचे आडनाव आंबडवेकर लावले. पुढे शाळेतल्या आंबेडकर आडनावाच्या गुरुजींनी प्रेमाने आपले आडनाव त्याला दिले, असे चरित्रकार सांगतात. ७ नोव्हेंबर १९०० हा साताऱ्याच्या शाळेतला त्यांचा प्रवेशदिन आज महाराष्ट्रात विद्यार्थी दिन म्हणून साजरा होतो. कूळ, गाव आणि गुरुजी अशा तीन पायऱ्या चढून ते आडनाव आले. दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी घर बांधले तेव्हा त्याला मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिले, राजगृह. १९४६ मध्ये मुंबईत कॉलेज काढले ते सिद्धार्थ, आणि पुढे औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, काढले ते मिलिंद. नावे कशी विचाराने ठेवावीत हे त्यांच्याकडून शिकावे.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर आपल्या घरांतली पाळण्यातली नावे बदलली. आडनावे तीच राहिली, पण त्यांच्या अलीकडे गौतम, सिद्धार्थ, राहुल, मिलिंद, सुजाता, प्रज्ञा, संघमित्रा येऊन बसली. समजा, नायगावच्या चाळीतल्या एका घराची कथा लिहायची आहे. आजोबा धोंडू रामा तांबे, १९२० च्या सुमारास कोकणातून आलेले. मुलगा १९५७ चा, सिद्धार्थ धोंडू तांबे. नात १९९० ची, प्रज्ञा सिद्धार्थ तांबे. नुसती तीन नावे खालोखाल लिहिली तरी धर्मांतराची रेघ कुठे पडली ते दिसते. 'सिद्धार्थ धोंडू' या दोन शब्दांत किती अंतर कापले आहे! ते नाव उगाच 'सिद्धार्थ डी. तांबे' असे आवळून टाकू नका.

पणतू जन्माला घालणार असाल तर आणखी एक ध्यानात ठेवा. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. इतकी वर्षे आपल्या भगिनी माहेरचे आडनाव उंबऱ्याबाहेर ठेवून सासरी जात राहिल्या. आता आई निदान नावाच्या मध्यभागी आली. कथेतल्या सासूला हे कसे वाटेल? लिहून पाहा.

आडनाव बदलणारा माणूस

काही कुटुंबांनी आडनाव बदलले. कोणी गावावरून 'कर' लावला, कोणी आडनावच टाकून आईवडिलांची नावे लावली. चर्नी रोडला शासकीय मुद्रणालय आहे. शासनाच्या राजपत्रात 'जुने नाव' आणि 'नवीन नाव' अशा सूचना वर्षानुवर्षे छापून येत आल्या आहेत, आणि आता त्यासाठी अर्ज संगणकावरून करता येतो. दोन ओळींची ती सूचना. तिच्यामागे काय काय असेल! लग्नानंतरचा बदल असेल, शाळेच्या दाखल्यातली चूक असेल, किंवा मुलांना 'कुठले?' हा प्रश्न ऐकावा लागू नये म्हणून बापाने केलेला बंदोबस्त असेल.

अशा माणसाला भित्रा ठरवण्याची घाई आम्ही करणार नाही. ज्याला खोली नाकारली गेली त्याने काय करावे हे खोलीत बसलेल्याने सांगू नये. पण कथेत असा माणूस आणायचा असेल तर त्याच्या म्हाताऱ्या आईलाही आणा. जुन्या आडनावाने पोस्टमन तिला हाक मारतो तेव्हा ती 'ओ' देते की नाही, हे वाचकाला कळू द्या.

कांबळेला खुर्ची द्या

ज्या आडनावापासून आपण सुरुवात केली तिथे येऊ. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८ मध्ये केला आणि मराठवाड्यात वणवा पेटला. प्रत्यक्ष नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधल्या साडेपंधरा वर्षांत एका नावासाठी माणसांनी प्राण दिले. पोचिराम कांबळे यांना १९७८ मध्ये मारण्यात आले. गौतम वाघमारे यांनी १९९३ मध्ये नांदेडला आत्मदहन केले. आपल्या कथेत शिपायाला 'ए कांबळे' अशी हाक मारताना हे आडनाव कोणाकोणाचे होते ते आठवावे, एवढीच विनंती.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) या चित्रपटातला वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे मुंबईच्या न्यायालयात आरोपी म्हणून उभा राहतो. तो गरीब आहे, थकलेला आहे, पण कोणाच्या दयेवर नाही. आडनाव तेच. फरक पडला तो त्याच्याकडे पाहणाऱ्या नजरेने. शिपाई कांबळेही लिहावा, जरूर लिहावा. पण त्याला घर द्या, मत द्या, राग द्या. आणि कधी तरी डॉक्टर कांबळे, कलेक्टर मेश्राम, चित्रकार वाघमारेबाईही येऊ द्या, कारण अशी माणसे आपल्या आसपास खरोखरच वावरत आहेत.

आडनावे शोधायला लांब जावे लागत नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर तास-दोन तास उभे राहा. गर्दीत चुकलेल्यांची नावे लाऊडस्पीकरवर गावासकट पुकारली जातात. अख्खा महाराष्ट्र आडनावांनी कानावर येतो. पुस्तकांच्या स्टॉलवर मुखपृष्ठे वाचत चला. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथे जुनी पुस्तके चाळा. मात्र ओळखीच्या माणसाचे नाव आणि आडनाव जोडीने उचलू नका. नाव एकाचे आणि आडनाव दुसऱ्याचे घ्या. चाळीत भांडण नको! आडनाव ठरले की ते मोठ्याने म्हणून पाहा. आई हाक मारताना कसे वाटते, हजेरी घेताना मास्तर कसे म्हणतील, पोलीस चौकीत कसे विचारतील, लग्नपत्रिकेत कसे दिसेल. चारही ठिकाणी ते एकाच माणसाचे वाटले तर नाव जमले.

१९५८ साली दादरला पहिले दलित साहित्य संमेलन भरले तेव्हा उद्घाटनाला अण्णा भाऊ साठे होते. आपली माणसे आपल्या नावानिशी पुस्तकात यावीत ही खटपट तेव्हापासूनची आहे. आज बीडीडी चाळींचा पुनर्विकास चालू आहे. पत्र्याच्या जुन्या पाट्या उतरत आहेत आणि नव्या इमारतींत नव्या लागत आहेत. त्या पाट्यांवर जी आडनावे आहेत ती तुमच्या कथेतही असू द्या. कथा पाठवा, आम्ही वाट पाहत आहोत. आणि हो, कथेखाली स्वतःचे पूर्ण नाव लिहायला विसरू नका.